तीन ताटं तूर आणि दोन फोन

उदगीरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, सौदे आटोपले आणि हमाल पोत्यांच्या सावलीला टेकले की कमलम्मांच्या दुकानात निवाडे सुरू होत. दुकानाच्या पाटीवर नाव गुरुपादप्पांचे होते, पण त्यांचे पती गुरुपादप्पा जाऊन एकवीस वर्षे झाली होती आणि शब्द चालत असे तो कमलम्मांचा. सारा मोंढा त्यांना अव्वा, म्हणजे आई, म्हणे. कपाळावर विभूतीचे पट्टे, डोक्यावरून पदर, आणि गादीवर अशी बैठक की उधारी मागायला आलेला माणूस आधी प्रकृतीची चौकशी करून मगच घसा साफ करी.

त्या दुपारी निवाड्यासाठी समोर आला होता फोन, आणि फिर्यादी होती त्यांची सून मंजुश्री.

"अव्वा, ह्या फोनचं आता काही खरं न्हाई. पाच वर्षं झाली. कॅमेऱ्याच्या काचेवर ओरखडे पडलेत, फोटो सगळे धुरकट येतात."

"पाच वर्षं!" कमलम्मा म्हणाल्या. "मला पंच्याहत्तर झाली. मलाबी धुरकटच दिसतं. माझंबी काही खरं न्हाई का गं?"

अव्वांच्या अशा प्रश्नाला उत्तर द्यायचे नसते, हे मंजुश्री लातूरहून सून म्हणून आल्यापासूनच्या नऊ वर्षांत पक्के शिकली होती. तिने नुसता फोन पुढे धरला. त्यावर लातूरच्या शरणप्पांचा निरोप होता, आणि तोच निरोप संक्रांतीपासून सातव्यांदा आलेला होता : फोटो नीट दिसत नाही, नंतर बघू.

हे मात्र कमलम्मांना जिव्हारी लागलेले होते. शरणप्पांची डाळ मिल मोठी. हंगामाची पहिली तूर त्यांच्याकडे जायची ती याच दुकानातून, गेली तीस वर्षे. पूर्वी नमुन्याची पुडी एस.टी.ने लातूरला जाई. तीन वर्षांपासून फोटो जाऊ लागला, तरी माल जातच होता. अव्वांचे पोते मिलमध्ये कुणी उसवून तपासत नसे. आणि यंदा माघ संपत आला तरी एक पोते हलले नव्हते. उलट रस्त्यापलीकडच्या आनंदराजच्या दुकानातून दर तिसऱ्या दिवशी लातूरची गाडी भरून निघे, आणि ती नेमकी कमलम्मांच्या ओट्यासमोरच वळे.

"आनंदराजनं नवा फोन घेतलाय," मंजुश्री म्हणाली. "त्याच्या फोटोत तूर बघा. एकेक दाणा हळद लावून बसवल्यावानी."

"दाण्याचं लगीन हाय का?" कमलम्मा म्हणाल्या. पण आनंदराजचा फोटो त्यांनी चष्मा वर-खाली करून दोनदा पाहिला, आणि मग हुकूम सोडला. "मागच्या वर्षी वजनाचा काटा घेतला तवा आठ दिवस वापरून मगच घेतला. फोनबी वापरूनच घ्यायचा. बोलव त्या आदर्शला."

स्टेशन रोडवर आदर्शचे मोबाईलचे दुकान होते. काचेच्या कपाटातला नमुन्याचा फोन बाहेर द्यायचा नाही, असा त्याचा कडक नियम होता. कमलम्मांना नाही म्हणायचे नाही, हा त्याहून जुना नियम होता. दोन्ही नियम पाळायचे तर एकच मार्ग उरला : फोन घेऊन आदर्श स्वतः आला आणि फोनवरची नजर न काढता स्टुलावर बसला. त्याच्यासाठी चहा आला. तोही त्याने एका हाताने घेतला.

"अव्वा, जुन्यात दोन कॅमेरे, ह्यात चार," तो म्हणाला. "दोनशे मेगापिक्सेल. अंधारात फोटो निघतो. हात हलला तरी फोटो हलत न्हाई. आणि झूम तर असा, की चंद्रावरचे डाग दिसतात."

"चंद्र विकायला काढलाय का कुणी मोंढ्यात?"

"न्हाई अव्वा."

"मग तुरीवरचे डाग दिसतात का, तेवढं सांग."

आदर्शने चहाचा घोट घेतला.

कमलम्मा उठल्या. त्या उठल्या म्हणजे काहीतरी गंभीर आहे, हे दुकानातल्या मांजरालाही कळत असे. आतून त्यांनी स्वतः तीन ताटे भरून आणली. पहिल्यात औशाकडून आलेली यंदाची टपोरी तूर. दुसऱ्यात गेल्या सालची, भुंगा लागलेली, दाण्यादाण्याला भोक. तिसऱ्यात खळ्यावर पावसात सापडलेली, काळे डाग पडलेली. तिन्ही ताटे ओट्यावर उजेडात मांडून त्यांनी सवयीने हाताने दाणे पसरले.

"आता दोन्ही फोननं तिन्ही ताटांचे फोटो काढ, मंजू. कोणतं ताट कशाचं ते न सांगता शरणप्पाला धाड. जो फोन खरं बोलंल तो आपला."

"हात काढा अव्वा, मधी येतो," मंजुश्री म्हणाली. "संक्रांतीपासून सांगून राहिले मी. आनंदराजच्या फोटोत हात असतो का कुणाचा?"

कमलम्मांनी हात मागे घेतला, पण डोळे मंजुश्रीवर तसेच ठेवले.

सहा फोटो निघाले. जुन्या फोनमध्ये तिन्ही ताटे सारखीच दिसत होती. ताटांत तूर आहे की रस्त्यावरचा मुरूम, एवढाच काय तो संशय. नव्या फोनमध्येही तिन्ही ताटे सारखीच दिसत होती; पण ती अशी झळाळत होती की ती तूर शिजवण्याऐवजी सोनाराकडे न्यावीशी वाटावी. कमलम्मांनी दुसऱ्या ताटाचा फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, पुन्हा जवळ आणला.

"आदर्श, ह्या तुरीची कीड गेली कुठं? तुझा फोन फोटो काढता काढता फवारणीबी करतो का?"

"तसं न्हाई अव्वा. वस्तू चांगली दिसावी म्हणून फोन आपल्या मनानं सुधारणा करतो."

"त्याला सांगितलं कुणी? एवढ्या वर्षांत माझ्या दुकानात कुणाची टाप झाली न्हाई किडकी तूर सुधारायची, आणि हा काल आलेला..."

मंजुश्रीने घाईघाईने सहाही फोटो पाठवून दिले आणि शरणप्पांना फोन लावून स्पीकर चालू केला.

"शरणु, अव्वा!" पलीकडून नमस्कार आला. मागे मिलची घरघर चालू होती. "बघितले फोटो. पयले तीन तर काहीच दिसत न्हाईत. मागचे तीन लई झ्याक हायेत."

"तिन्ही झ्याक?"

"हाव, तिन्ही."

कमलम्मांनी आदर्शकडे असे पाहिले की त्याने स्टूल थोडे मागे घेतले. "मग घे की तिन्ही! गाडी लावू?"

पलीकडे दोनदा घसा साफ केल्याचा आवाज आला.

"शरणप्पा, तोंडात तूर हाय का तुझ्या? बोल."

"अव्वा, रागावू नका. तुम्ही दुकानात बसता का अजून?"

"बसत न्हाई तर काय माझा फोटो बसून बोलतोय तुझ्याशी?"

"तसं न्हाई अव्वा." शरणप्पा साठीला टेकलेला, शंभर माणसे कामाला असलेला गृहस्थ, पण त्याचा आवाज आता अगदी पोरगा झाला होता. "तुमच्या फोटोत मला तूर कधीच दिसली न्हाई. तीन वर्षांत एकदाबी न्हाई. पण ताटाच्या कडेला तुमचा अंगठा असायचा. ते वाकडं नख. दाणे पसरताना. तो अंगठा दिसला की मी गाडी धाडायचो. म्हणायचो, अव्वांनी हात फिरवलाय, आता काय बघायचं? संक्रांतीपासून अंगठा दिसंना. नुसतं ताट. मला वाटलं अव्वा थकल्या, घरी बसल्या. दुकान पोरांच्या हाती गेलं."

"मग विचारायचं तोंडानं!"

"कसं विचारू? तुमच्या सुनेला नाव ठेवायचं नव्हतं. म्हणून फोनला नाव ठेवलं."

मंजुश्री कानापर्यंत लाल झाली. संक्रांतीपासून तीच तर अव्वांचा हात ताटावरून हटवत आली होती, आणि एखाद्या फोटोत चुकून राहिलाच तर बारकाईने कापूनही टाकत होती, फोटो स्वच्छ दिसावा म्हणून.

कमलम्मांनी आपला उजवा अंगठा पाहिला. दुष्काळाच्या साली दहा किलोचे लोखंडी वजन त्याच्यावर पडले होते, तेव्हापासून ते नख कौलासारखे वळून राहिलेले. घरातल्या प्रत्येक लग्नाच्या फोटोत त्यांनी तो अंगठा पदराखाली दडवला होता. दोन मुली, एक मुलगा, तीन भाच्या; सहा लग्नांत मिळून एकदाही तो कुणाच्या दृष्टीस पडू दिला नव्हता. आणि तीन वर्षे तोच लातूरला जाऊन माल विकत होता. त्यांना हसू आले, पण ते त्यांनी अंगठ्यासारखेच पदराआड घेतले.

"थांब, शरणप्पा. फोन ठेवू नको," त्या म्हणाल्या आणि त्यांनी दुसऱ्या ताटात, किडक्या तुरीतच, हात घातला. "मंजू, नव्या फोननं काढ. आता हात काढा म्हणालीस तर बघ."

फोटो गेला. क्षणभराने पलीकडून आवाज आला, "नख तर तुमचंच हाय अव्वा. पण हात कुणाचा हाय?"

सगळे फोनवर वाकले. तूर झळाळत होतीच, पण हातही झळाळत होता. एक सुरकुती नव्हती. मनगटावरच्या शिरा गेल्या होत्या. पस्तिशीतल्या बाईचा गोरापान हात, आणि त्याला पंच्याहत्तरीचे वाकडे नख. कमलम्मांनी तो फोटो, किडक्या तुरीची शहानिशा करायला लागावा त्याहून बराच जास्त वेळ, निरखला.

"हे बंद करता येतं, अव्वा," मंजुश्री हळूच म्हणाली. ती इतका वेळ फोनच्या सेटिंगमध्ये बोट फिरवत होती. "हे बघा. ही सुधारणा बंद. आता ठेवा हात."

या वेळी भोके दिसली. एकेक दाण्याचे भोक, भोकाच्या कडेची पांढरी भुकटीसुद्धा. किडीबरोबर सगळ्या सुरकुत्याही परत आल्या होत्या, आणि मनगटावरचे हिरवे गोंदण, आणि नखाचा प्रत्येक पापुद्रा.

"यव्वा!" शरणप्पा पलीकडून ओरडला. "ही तूर तर पार किडकी हाय! ही देऊ नका मला!"

"देत कोण हाय तुला? परीक्षा घेऊन राहिले तुझी. पयल्या ताटातली हाय तुझी. औशाची."

"मग पयल्या ताटाची गाडी उद्याच लावा अव्वा."

फोन बंद झाला तेव्हा कमलम्मा गादीवर परत बसल्या होत्या, आणि निवाडा तयार होता. नवा फोन घ्यायचा. सुधारणा बंद ठेवायची. जुना फोन रविकिरणला. त्याच्या फोटोत तसेही काही बघण्यासारखे नसते. रविकिरण हा त्यांचा मुलगा, आणि तो त्या वेळी जेवायला घरी गेला होता, म्हणून हे ऐकून दुखावायला हजर नव्हता.

"आणि मघाचा तो फोटो," त्या आदर्शला म्हणाल्या, "तो सुधारलेला. पुसायची गरज न्हाई. राहू दे फोनात एका बाजूला."

"हाव अव्वा," आदर्श म्हणाला, आणि शहाणपणाने चहाकडे पाहिले.

मंजुश्री फोन त्याच्या हाती देऊन ताटे उचलायला वाकली, तोच कमलम्मांनी तिचे मनगट धरले आणि पहिल्या ताटात आपल्या हाताशेजारी ठेवले.

"आदर्श, काढ आता. दोन्ही हात येऊ दे."

"माझा कशाला अव्वा?"

"शरणप्पाला सवय होऊ दे. मी काय जल्मभर इथं अंगठा दाखवत बसणार हाय का?"

मंजुश्रीने दाणे पसरले, अव्वा पसरत तसे, कडेकडून मध्याकडे. मग तिने आपल्या नीटस, सरळ नखाकडे पाहिले. "पण मला ओळखतील कसे? माझं नख तर सरळ हाय."

"घाई कशाला?" कमलम्मा म्हणाल्या. "ते दहा किलोचं वजन अजून काट्याखालीच ठेवलंय."