न धुतलेली गाबी

मुसळ वर गेलं आणि बोसेनाचा हात तिथंच थांबला. आत कुणीतरी शिंकलं होतं.

आत कुणी नव्हतं. आई तर समोरच बसली होती, मांडीवरच्या सुपात एंडोडची वाळलेली फळं देठांवरून ओरबाडत. तिनं मानसुद्धा वर केली नाही.

"देव दया करो रे," ती म्हणाली.

"कुणाला म्हणालीस?"

"शिंकलं ना."

"कोंबडी असेल."

"कोंबडी शिंकते होय? शाळेबरोबर अक्कलही सोडून आलीस वाटतं."

बोसेनानं दाणकन मुसळ हाणलं. कपडे धुवायची ही भुकटी मोठी जहाल. उडाली की नाकात जाते आणि घशात कडू उतरते. दादाला, देमेलाशला, तर नुसता वास पुरायचा. आई कुटायला बसली की दादा घरातून सुरू व्हायचा, एकापाठोपाठ सात शिंका, आणि कुंपणापलीकडून झेनेबू मावशी मोठ्यानं मोजायची. तो खाली सरहद्दीकडच्या गरम मुलखात तिळाच्या कापणीला गेला त्याला दोन हंगाम उलटले. आईच्या तोंडातला 'रे' मात्र गेला नव्हता. बोसेना स्वतः शिंकली तरी आई 'देव दया करो रे'च म्हणायची. सुरुवातीला बोसेना भडकायची, "मी मुलगी आहे ना? 'गं' म्हण की!" पुढे तिनं आईसमोर शिंकणंच सोडलं. नाक दाबून धरायची.

दाराआड खुंटीवर दादाची गाबी लटकत होती. जाड सुताचं चार पदरी पांघरूण, पांढरं. म्हणजे एकेकाळी पांढरं. खालच्या उकाड्यात काय करायची, म्हणून तो ती ठेवून गेला. वर्षानुवर्षं अंगावर घेतल्यानं तिला खांद्यांचा आकार आला होता. संध्याकाळी दार ढकललं की कुणी पाठमोरं उभं असावं तशी दिसायची. केरसुणी घेताना आई तिला "सरक जरा" म्हणायची. बोसेना दोन वर्षं मागे लागली होती, धू ती, वास मारतेय, उवा होतील. एकदा तर ती परस्पर गाबी काढून ओढ्यावर निघाली. आईनं वाटेत गाठून चारचौघांत थोबाडीत दिली.

आणि आज आईच गाबी धुणार होती. कारण अस्रेस.

अस्रेस दादाबरोबरच गेला होता. तीन दिवसांपूर्वी परत आला, हिवतापानं निम्मा होऊन. दारात उभा राहिला. आईनं कॉफीचे दाणे भाजायला घेतले, तर म्हणाला, "बसत नाही. देमेलाश बरा आहे. येईल तो." एवढं बोलून गेला. आई तेव्हापासून गुणगुणत होती. बोसेनाला एकच खटकलं होतं. बोलताना तो आईकडे नाही, खुंटीकडे बघत होता.

"माणूस घरी आला की पांघरायला स्वच्छ नको का?" आई म्हणाली. "नीट चाळ. भरड राहिली की डाग पडतात."

आईच्या हातचं एंडोड गावात कुणाला जमत नसे. फळं हिरवी असतानाच तोडायची, तांबूस झाली की फेस गेला. वाळवून, कुटून, जुन्या सुती फडक्यातून दोनदा चाळायची. सण आला की बायका द्रोण घेऊन दारात हजर. कुणी लोण्याचा गोळा आणायची, कुणी मूठभर मिरच्या. बाजारात साबणाची वडी मिळते, पण तिनं नेतेल्याची रंगीत किनार विटते, असं त्याच सांगायच्या. नेतेला म्हणजे बायकांच्या अंगावरचं पातळ पांढरं पांघरूण. तो मळला तर बाईची लाज जाते.

बोसेना फडकं आणायला उठली आणि तिची नजर कुंपणापलीकडं गेली.

झेनेबू मावशीच्या कुंपणावर नेतेला वाळत होता. पुढच्या घरी दोन. खाली उतारावर अजून चार. बगळ्यांचा थवा उतरावा तसा सगळा उतार पांढरा झाला होता.

"आई, सण आहे का कुठला?"

"तिमकत होऊन पंधरा दिवस झाले. आता कसला सण?"

"मग सगळ्यांनी नेतेले का धुतलेत?"

आई उठली. डोळ्यांवर हात धरून बघत राहिली.

"माझ्याकडं कुणी आलं नाही," ती म्हणाली. "एक मूठ न्यायलासुद्धा नाही. गेल्या वेळी मी काय माती मिसळली होती?"

बोसेनाचं डोकं फिरायला एवढं पुरे होतं.

"थांब, विचारूनच येते त्या बयेला."

"भांडू नकोस हं!"

"भांडत नाही. नुसती विचारते."

झेनेबू मावशी अंगणात एका मोठ्या हंड्यापाशी बसली होती. बोसेना कुंपणाच्या फटीतून घुसताना दिसली तशी तिनं हंड्यावर घाईघाईनं सूप ठेवलं.

"मावशी, आमचं एंडोड कडू लागायला लागलं का आता?"

"एंडोड कडूच असतं."

"मग साबण कशाला आणलात? तुमचा नेतेला फुलांचा वास मारतोय, शहरातल्या नवरीसारखा. या वयात कुणाला दाखवायचाय?"

मावशी हसली नाही. एरवी या बाईनं याच्या दुप्पट सुनावलं असतं. तिनं सूप आणखी पुढं ओढलं, पण बोसेनाच्या नजरेतून काही सुटत नसे. हंड्यात गहू आणि हरभरे भिजत होते. एका घराला लागतील त्याच्या दसपट. नुसत्या मिठात उकडलेले गहू-हरभरे या गावात एकाच ठिकाणी नेतात. मयताच्या घरी.

"कोण गेलं?"

मावशीनं हात पदराला पुसले. ते ओले नव्हते.

"कोण गेलं, मावशी?"

"आईला आज पोटभर जेवू घाल," मावशी म्हणाली. कोनाड्यातून दोन अंडी काढून तिनं बोसेनाच्या हातात दाबली. "मसाला कमी टाक. नीट खाईल असं कर."

गेल्या वर्षी बोसेना आईचा हात धरून एका मर्दोला गेली होती. दुरून आलेली मरणाची बातमी कुणी एकट्यानं, भरदिवसा सांगायची नसते. गावानं ती आधी ऐकायची, पोटात ठेवायची आणि उजाडायच्या आत सगळ्यांनी मिळून, धुतलेलं पांढरं पांघरून, त्या दारात जायचं. तोच मर्दो. नेतेल्याची किनार सणाला खाली पायांकडं असते. त्या पहाटे ती वर, गळ्याशी घेतात. त्या घरची बाई केरसुणी हातात घेऊन बाहेर आली होती. एवढी माणसं बघून आधी हसली होती. "काय गं बायांनो, लग्न आहे का कुणाचं?" म्हणाली होती. मग तिची नजर किनारींवर गेली.

"आजचा दिवस तिचा आहे अजून," मावशी हळू म्हणाली. "तेवढा राहू दे पोरी."

बोसेना फटीतून परत निघाली, चालत, आणि मग एकदम तिला आठवलं की आई आज काय धुणार आहे. ती पळत सुटली.

आईनं भुकटी पाण्यात घालून घुसळलीसुद्धा होती. फेस टोपाच्या काठावर चढला होता. गाबी तिच्या मांडीवर होती आणि तिचं एक टोक ती पाण्याकडं नेत होती.

"नको!"

आईचा हात थांबला. "काय झालं?"

"धुवू नकोस."

"दोन वर्षं माझं डोकं खाल्लंस, धू म्हणून."

"फेस चांगला नाही."

"काय?" आईनं कोपरापर्यंत हात बुडवून वर काढला. फेस हातावर तसाच उभा राहिला, कापसासारखा. "हा चांगला नाही?"

"फळं लाल झाल्यावर तोडलीस या वेळी. गाबी पिवळी पडेल. म्हणूनच तर कुणी येत नाही तुझ्याकडं."

आता बसणार, म्हणून बोसेनानं गाल घट्ट केला. थोबाडीत बसली नाही. आई तिच्या तोंडाकडं बघत राहिली. मग तिच्या हातांकडं.

"अंडी झेनेबूनं दिली?"

"हो."

"न मागता?"

"हो."

फेस बारीक आवाज करत विरत होता. आईनं गाबीची घडी घातली, परत मोडली आणि ती बोसेनाच्या हातात दिली. कोरडीच होती. आत नेताना बोसेनानं तिच्यात नाक खुपसलं. धूर, लोणी, आणि तो घामट वास. दादा पाठीमागून येऊन डोक्यात टपली मारायचा त्या आधी यायचा तोच. खुंटीवर अडकवल्यावर खांदे आपोआप जागेवर बसले.

बाहेर येऊन तिनं आईचा नेतेला घेतला आणि टोपात बुडवला.

"पाणी वाया जायला नको," बोसेना आपणहून म्हणाली.

तिनं तो चोळला, पिळला, पुन्हा चोळला. आयुष्यात कधी इतकं मन लावून तिनं काही धुतलं नव्हतं. कडू पाणी ओढ्यात जाऊन मासे मरू नयेत म्हणून दगडांवर ओतलं. मग नेतेला कुंपणावर वाळत घातला, नेहमीसारखा, किनार खाली ठेवून. उतारावरच्या पांढऱ्या रांगेत आता त्यांच्या घराची जागाही भरली.

आई कुंपणापाशी आली. तिनं आपला नेतेला बघितला, झेनेबूचा बघितला, मग एकेक करत शेवटच्या घरापर्यंत. या गावातल्या किती दारांत ती पहाटे जाऊन उभी राहिली होती, तीही सगळ्यांच्या पुढं. तिनं नेतेला दोन्ही कोपऱ्यांना धरून झटकला, उलटा केला आणि पुन्हा कुंपणावर टाकला.

किनार वर आली.

"पहाटे गारठा असतो," ती म्हणाली. "तोवर वाळायला हवा."

मग ती उखळापाशी जाऊन बसली. सुपात थोडी फळं उरली होती. ती घालून तिनं मुसळ हातात घेतलं. भुकटीचा धुरळा उठला, उतरत्या उन्हात पिवळा दिसला. बोसेनाच्या नाकात हुळहुळलं. या वेळी तिनं नाक दाबलं नाही.

ती शिंकली.

मुसळ थांबलं. आई घराच्या उघड्या दाराकडं बघत होती. आत काहीच हललं नाही.

"देव दया करो..." आई म्हणाली आणि तिथंच अडकली.

बोसेना वाट बघत राहिली.

"...गं," आई म्हणाली.