मोज्यातले दोन चेंडू

नणंद स्कूलबस चालवायची. 'पहिला दिवस मोफत' अशी व्यायामशाळेची पाटी दिसताच तिने मुलांसकट बस थांबवून वेळ विचारून घेतली आणि शनिवारी भावजयीला घेऊन तिथे गेली. भावजय दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. फुकटचं वाया जाऊ नये म्हणून दोघींनी तिथलं एकही यंत्र सोडलं नाही.

रविवारी सकाळी भावजयीला केस विंचरायला हात वर नेता येईना. नणंद कठडा धरून जिना पाठमोरी उतरत होती.

"ताई, अशा काय उतरताय?"

"सरळ उतरले की मांड्या बोंब मारतात गं."

अंग चोळायचं यंत्र विकत मिळत होतं, पण त्याची किंमत ऐकून दोघींचं अंग आणखीनच ठणकायला लागलं. "आपणच करू," नणंद म्हणाली, "घरात काय कमी सामान पडलंय?"

तिचा भाऊ नळदुरुस्तीची कामं करायचा. त्याच्या सामानातून तिने पाइपचा हातभर जाडजूड तुकडा काढला आणि त्यावर जुना टॉवेल गुंडाळून चिकटपट्टी मारली. भावजयीने नवऱ्याच्या एका मोज्यात टेनिसचे दोन चेंडू कोंबून गाठ मारली. दुसऱ्यात तांदूळ भरून तो तव्यावर शेकत ठेवला. मोजा धुतलेला नव्हता, हे तवा तापल्यावर कळलं.

मग पाठ आणि भिंत यांच्यामध्ये चेंडू धरून ती वरखाली होऊ लागली. चेंडू आपटायचे, ती कण्हायची. इतक्यात भिंतीपलीकडून ठकठक ऐकू आली. तिने पुन्हा पाठ घासली, पुन्हा ठकठक. थोड्या वेळाने शेजारचे काका दारात आले. आयुष्यभर त्यांनी बँडमध्ये मोठा ड्रम वाजवला होता.

"मी साथ देतोय मघापासून," ते म्हणाले, "पण तुमचा ताल सारखा चुकतोय."

खरा प्रकार कळल्यावर ते म्हणाले, "माझीही कंबर धरलीय. बघू तो पाइप."

पाइप कंबरेखाली घेऊन काका जमिनीवर आडवे झाले आणि पायांनी जरा जोरात रेटा दिला. पाइप गडगडला आणि काका खांद्यापर्यंत सोफ्याखाली गेले.

"काका, लागलं का?"

"नाही. पण इथे फार धूळ आहे."

दोघींनी एकेक पाय धरला. ओढायला जोर लावला की काकांच्या आधी त्याच ओरडायच्या. तेवढ्यात भावजयीचा नवरा घरी आला. सोफ्याखालून बाहेर आलेले पाय बघून त्याने एवढंच विचारलं, "कोण आहेत?"

"शेजारचे काका. ओढ जरा," बहीण म्हणाली.

तो ऐटीत खाली वाकला, एका हिसक्यात काकांना बाहेर काढलं आणि तसाच वाकलेला राहिला. त्याच्या कंबरेत चमक भरली होती.

त्याला कुशीवर निजवून बायकोने कंबरेखाली तांदळाचा गरम मोजा सरकवला.

"कसला वास येतोय?" त्याने विचारलं.

"औषधी आहे. गप पडून राहा."

काका मात्र उठून उभे राहिले, कंबर इकडून तिकडे वळवून पाहिली आणि खूश झाले. रेट्याने म्हणा की ओढाताणीने, त्यांची कंबर मोकळी झाली होती. संध्याकाळी ते बायकोला घेऊन आले. तिची मान आखडली होती.