राखणदाराची गाडी

सहा नंबरच्या स्नोमोबाइलची बॅटरी ऑक्टोबरात काढून कपाटात ठेवली होती. मे महिन्यात कपाट उघडलं तर बॅटरी जागच्या जागी. असं असून सीझन संपताना शून्यावर आणलेल्या गाडीच्या मीटरवर मात्र एकशे बारा तास. आता बॅटरीशिवाय गाडी कशी चालली हे इंजिनियर लोकांनी सांगावं. दत्तात्रय सामंत इंजिनियर नव्हता, मेकॅनिक होता; त्याने मीटरची काच पुसून आकडा पुन्हा वाचला.

दत्तात्रय मूळचा वेंगुर्ल्याकडचा. वयाच्या पंचविशीपर्यंत त्याने बर्फ पाहिला तो मासळीच्या पेटीतला. सिडनीजवळ वॉलॉंगॉंगला डिप्लोमा केला, तिथल्या गॅरेजात चार वर्षं ब्रेक बदलले, आणि पीआरच्या, म्हणजे इथे कायमचं राहण्याच्या परवान्याच्या, नादात जिंडाबाइनला येऊन पडला. डोंगरावरच्या स्की-गावातल्या आठ स्नोमोबाइल आणि तीन फोर-व्हीलर कॉल नावाच्या गोऱ्याच्या वर्कशॉपमध्ये सांभाळायला असत. कॉल सहा फूट चार इंच, कडाक्याच्या थंडीतही हाफ पॅंटमध्ये. इकडची थंडी जूनला सुरू होते आणि ऑक्टोबरात संपते; बर्फ संपला की गाड्या घोडीवर चढवून झाकायच्या आणि जूनच्या लॉंग वीकेंडआधी पुन्हा पळत्या करून सोडायच्या, हे दत्तात्रयाचं काम.

तेच चाललं होतं. एअरबॉक्समधून उंदरांची घरटी काढायची, ग्रीस भरायचं, बेल्टला चिरा आहेत का बघायच्या, खालचा रबरी पट्टा ताणून बसवायचा. सात गाड्यांत मिळून तेवीस उंदीर निघाले. सहा नंबरमध्ये एकही नाही. उंदराची लेंडीसुद्धा नाही. स्कीखालच्या लोखंडी पट्ट्या त्याने ऑक्टोबरात कोऱ्या करकरीत बसवल्या होत्या, त्या आता झिजून ब्लेडसारख्या झालेल्या. आणि रबरी पट्ट्याच्या खाचेत मूठभर बर्फ. बाहेर लख्ख ऊन. दत्तात्रयाने तो बर्फ हातावर घेतला. तो वितळेना. गारही लागेना.

त्याने कॉलला हाक मारली.

"पोरांनी पळवली असेल, मेट," कॉल म्हणाला.

"उन्हाळ्यात? गवतावर? बॅटरीशिवाय?"

"पोरं काय वाट्टेल ते करतात." कॉलने बॅटरी जोडून चावी फिरवली. बाकीच्या गाड्या खोकत-थुंकत सुरू झाल्या होत्या. ही पहिल्याच झटक्याला गुरगुरली. "बघ! सगळ्यांत चांगली. ही यंदा क्लिनिकला. ती नवीन नर्स आहे ना, तिला देतो."

नवीन नर्स म्हणजे मंजिरी. मंजिरी म्हणजे दत्तात्रयाची बायको.

त्याच्या हातातला पाना पायावर पडला, आणि त्याच क्षणी त्याला ऑक्टोबरातली ती दुपार आठवली.

सीझन संपल्याची बिअर चालली होती. दत्तात्रयाला गावाची आठवण आली, आणि कॉलला तो गावच्या राखणदाराबद्दल सांगत बसला. गावाची शीव राखणारा तो, रात्रभर चालतो. लोक त्याला हातभर लांबीच्या चपला वाहतात आणि वर्षाने बघावं तर तळवे झिजलेले. त्या चपलांत गमतीनेसुद्धा कोणी पाय घालत नाही. घातला तर काय होतं ते सांगायला कोणी मागे उरलेलं नाही.

"मग इथला राखणदार कोण?" कॉलने विचारलं.

"ह्या डोंगराचे जुने धनी वेगळे, त्यांचं त्यांना ठाऊक. पण कोणीतरी असणारच," दत्तात्रय म्हणाला, आणि बिअरच्या भरात उठून त्याने चक्क गावी देवाला घालतात तसं गाऱ्हाणं घातलं. गाऱ्हाण्याला रुकार देणारा लागतो, म्हणून कॉलला "व्हय म्हाराजा" शिकवलं. कॉलच्या तोंडून ते "वाय मार-आजा" असं निघे.

"बा म्हाराजा, तू जो कोण हयलो राखणदार असशीत तो ऐक! ही सा नंबराची गाडी आजपासून तुका दिली. हिच्यार बसान डोंगर फिर, आमच्या माणसांका सांभाळ!"

"वाय मार-आजा!"

दोघे खूप हसले होते.

आता घरी येऊन त्याने हे सांगितलं तेव्हा मंजिरी हसली नाही, वैतागली. "म्हणजे गाडी दान केलीस? आणि तीही कॉलची?"

"मस्करी होती गं."

"पुण्यात आमच्याकडे लोक दाराला लिंबू-मिरची टांगतात आणि गप्प बसतात. तुम्ही कोकणातले थेट बोलणी करायला जाता." तिने युनिफॉर्मची बॅग भरली. "क्लिनिकला दुसरी गाडी नाही, दत्ता. वर कोणाचं हाड मोडलं तर मी काय सांगू, माझ्या नवऱ्याने गाडी वाटून टाकलीये? मला जायचंय त्या गाडीवर. तू ती ठीक कर."

आता दत्तात्रयाला झोप कुठली! दुसऱ्याला वाहिलेली वस्तू, आणि तिच्यावर आपली बायको बसणार. त्याने सहा नंबरचे दोन्ही स्पार्क प्लग काढून खिशात घातले आणि शेडला कुलूप ठोकलं. म्हटलं, बिघडलीये असं सांगून टाकू. सकाळी कुलूप शाबूत, प्लग खिशात, आणि गाडी शेडच्या बाहेर उभी. अंगणातल्या सगळ्या वस्तूंवर पांढरं दव गोठलेलं. गाडीवर टिपूसही नाही. बॉनेट इतकं तापलेलं की त्यावर आंबोळी झाली असती.

"वा," कॉल म्हणाला, "लवकर उठून टेस्ट घेतलीस वाटतं! मीटरवर किती?"

एकशे एकवीस.

तेव्हा दत्तात्रयाला कळलं की पाने-पकडीचं हे काम नव्हे. दिलेली वस्तू परत मागायची तर बदल्यात काहीतरी द्यावं लागतं, आणि ते त्याच्या मापाचं असावं लागतं.

भंगारात एका मेलेल्या स्नोमोबाइलचा रबरी पट्टा पडला होता. जाडजूड, बोटबोटभर उंच दातांचा. त्यातून त्याने दोन तळवे कापले. माप कोणाचं घ्यायचं? अंदाजाने दोन हात धरले आणि वर चार बोटं वाढवली. जुन्या बेल्टचे अंगठे आणि पट्टे केले, रिवेट ठोकले. कॉलने विचारलं, "हे काय?"

"पायपुसणी."

"दोन?"

"दोन पाय असतात, मेट."

रविवारी कॉल आईला भेटायला सिडनीला गेला. दत्तात्रय दुपारी चपला, कॅनबेराच्या इंडियन शॉपमधून आणलेला नारळ आणि उदबत्त्या घेऊन डोंगर चढला. शेवटच्या कारपार्कच्या वर जिथे झाडं संपतात, तिथे एक वाकडा गम ट्री, म्हणजे इथली निलगिरी, आहे. पहिलाच बर्फ पडलेला. धुकं इतकं की पुढे केलेला नारळ दिसेना. त्याने चपला झाडाखाली मांडल्या, नारळ फोडला, हात जोडले.

"बा म्हाराजा! चूक झाली, पदरात घे. गाडी आमची आमका परत दी. तिच्या बदल्यात ह्यो चपलांचो जोड घे. माझी घरवाली त्या गाडयेर बसतली. तिका सुखरूप घराक हाड रे म्हाराजा!"

मग तो थांबला. रुकार द्यायला कोणी नव्हतं. रुकाराशिवायचं गाऱ्हाणं म्हणजे नुसती बडबड. आपणच म्हणावं म्हणून त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात धुक्यातून, त्याच्या डोक्याच्या बऱ्याच वरून, आवाज आला.

"वाय मार-आजा."

कॉलच्याच उच्चारात. बरोबरच आहे म्हणा, इथे ज्याने ते शब्द ऐकले, कॉलकडूनच ऐकले. पण कॉल त्या वेळी सिडनीला आईच्या हातचा रोस्ट खात होता. दत्तात्रय कारपार्कपर्यंत कसा उतरला हे त्याला आजही नीट सांगता येत नाही. उदबत्त्यांचा पुडा वरच राहिला. घरी येऊन त्याने मंजिरीला चपलांसकट सगळं सांगितलं.

त्यानंतर मीटर एकशे एकवीसवर थांबलं ते थांबलंच. सहा नंबरमध्ये उंदरांनी घरटं केलं. दत्तात्रयाने ते इतक्या आनंदाने काढलं की कॉलला शंका आली.

लॉंग वीकेंडच्या शनिवारी गर्दी होती. दुपारी दोनला वरच्या लॉजमध्ये कोणीतरी पाय मोडून घेतला आणि मंजिरी सहा नंबर घेऊन गेली. तीनला वारा फिरला. आभाळ आणि जमीन एकच पांढरी झाली. लॉजने रेडिओवर कळवलं, पेशंट ठीक आहे, नर्स परत निघाली. ती वाट वीस मिनिटांची. साडेतीन झाले, चार झाले. पाऊण तास दत्तात्रय कारपार्कच्या टोकाला उभा होता आणि मनात राखणदाराला म्हणत होता, बोललायस, आता पाळ. रेस्क्यूवाले म्हणाले, काही दिसेपर्यंत कोणीही वर जाणार नाही.

साडेचारला पांढऱ्यातून एक दिवा निघाला. माणसाच्या चालीने, हळूहळू. इंजिनाचा आवाज नाही. मंजिरी हॅंडल धरून ताठ बसलेली, पापण्यांवर बर्फ. गाडी त्याच्या पायाशी येऊन थांबली.

त्याने तिला मिठीत घेतलं. मग, मेकॅनिकच तो, बॉनेट उघडलं. बेल्ट तुटून तीन तुकडे. इंजिन थंडगार. ही गाडी स्वतःहून वीतभरही हलणं शक्य नव्हतं.

"अर्ध्या वाटेत बंद पडली," मंजिरी म्हणाली. तिचे दात वाजत होते. "रेडिओ लागेना. मग पुढून दोरी ताणल्यासारखी झाली आणि गाडी चालायला लागली. कोणीतरी ओढत होतं. उंच होता रे, खूप उंच. मला गुडघ्यापर्यंतच दिसत होता, वरचा भाग धुक्यात."

"मागे वळून बघितलं त्याने?"

"नाही. मी थॅंक्यू म्हणाले, तरी तो चालतच राहिला. फक्त..." तिने थर्मॉसमधला चहा दोन्ही हातांत धरला. नर्सचं लक्ष कुठे जाईल सांगता येत नाही. "लंगडत होता. डावी चप्पल चावते त्याला. टाचेवर नाही, अंगठ्यापाशी. तू पट्टा फार घट्ट मारलायस, दत्ता."

रविवारी ऊन पडलं. दत्तात्रय पकड आणि टोच्या घेऊन वर गेला. चपला झाडाखाली होत्या. रबराचे दात निम्मे झिजलेले. त्याने डाव्या चपलेचा रिवेट तोडला, दोन बोटं पुढे नवं भोक पाडलं, पट्टा सैल करून पुन्हा ठोकला आणि चपला होत्या तशा जोडून ठेवल्या.

"घालून बघ," तो म्हणाला, आणि पाठ फिरवून उभा राहिला.