तिसऱ्या चौकटीतली खूण

मी एक फॉर्म बोलतोय. हां, लगेच कपाळाला आठ्या घालू नका. मी बँकेचा नव्हे आणि शाळेच्या प्रवेशाचाही नव्हे. मी रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावरचा. काही आईबापांना पोटातलं मूल वाढू द्यायचं नाही असा निर्णय घ्यावा लागतो. गर्भपात झाल्यावर त्या बाळाचा निरोप कसा घ्यायचा, ते माझ्यावर लिहायचं असतं.

माझा जन्म झेरॉक्सच्या मशीनमधला. एका दमात आम्ही चाळीस भावंडं बाहेर पडलो, गरमागरम. तेव्हापासून माझ्या जिवाला चैन म्हणून नाही. पंखा फिरला की फडफडायचं, दार उघडलं की दचकायचं, हा माझा स्वभावच.

माझ्या पोटावर तीन चौकटी आहेत. पहिली म्हणते, रुग्णालयानंच इतर बाळांबरोबर एकत्र अंत्यविधी करावा, आम्ही येणार नाही. दुसरी म्हणते, आमच्या बाळाचा वेगळा करावा, आम्ही हजर राहू. तिसरी म्हणते, बाळ आमच्या हाती द्या, दहन की दफन ते आम्ही पाहू. खाली दोन छोट्या ओळी आहेत: आठवण म्हणून बाळाच्या पावलांचे ठसे हवेत का, आणि बाळाचं नाव. नावापुढे कंसात ‘ऐच्छिक’ असं छापलंय. आणि अगदी तळाला, मुंगीएवढ्या अक्षरांत, ‘खाडाखोड केलेला अर्ज रद्द समजला जाईल.’ ही ओळ आजवर कुणी वाचल्याचं मला तरी आठवत नाही.

सोमवारी घरी सोडताना मोठ्या सिस्टरनी मला एका जोडप्याच्या हातात दिलं. मोठ्या सिस्टर म्हणजे या मजल्याच्या मुख्य, आवाज घोगरा, चालणं तुरुतुरु. ते दोघं तिशीतले. पाचवा महिना चालू होता आणि बाळाच्या मेंदूची वाढच झालेली नव्हती. तीन डॉक्टरांना दाखवून, आठवडाभर घरात घास न गिळता त्यांनी ठरवलं होतं. आदल्याच दिवशी गर्भपात झाला होता; मुलगी होती, आणि ती अजून रुग्णालयातच होती.

“घाई नाही. बुधवार संध्याकाळपर्यंत आणून द्या,” सिस्टर म्हणाल्या. “पहिली खूण केलीत तर बाळांना अंत्यविधीला नेणारी गाडी गुरुवारी बाराला येते. एकदा ती गेली की मग माझ्या हातात काही राहत नाही. दोघांनी बसून बोला, बरं का.”

दोघांनी माना हलवल्या. बोलले मात्र अजिबात नाहीत! अहो, काय सांगू तुम्हाला. एका छताखाली दोन माणसं, पण चहा घेणार का याच्या पलीकडे एक शब्द नाही. तो तिला जपत होता आणि ती त्याला जपत होती. त्या जपण्यानं माझा जीव कासावीस झाला.

मंगळवारी दुपारी ती मला घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली. किराण्याची यादी लिहायची पेन्सिल घेतली. बराच वेळ माझ्याकडे नुसती बघत राहिली आणि मग तिसऱ्या चौकटीत हलकेच खूण केली. किती हलकी म्हणाल, तर माशी बसल्यासारखी. मला हायसं वाटलं.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून त्याचा आवाज आला. तो मोठ्या भावाशी फोनवर बोलत होता. “हो दादा, लवकर आवरलं म्हणजे बरं. तिच्यासमोर तो विषयच नको आता. हॉस्पिटलवाले बघतील सगळं.”

तिचा हात थांबला. ड्रॉवरमध्ये शोधून तिनं खोडरबर काढलं आणि खसाखसा खोडायला लागली. माझी सालटी निघाली. ती पुटपुटत होती, “त्याला झेपणार नाही. आणि आपणच ठरवलं ना? मग आता हातात घेऊन रडायचा हक्क तरी कुठला आपल्याला?”

बुधवारी सकाळी ती अंघोळीला गेली आणि त्यानं मला उचललं. खिशातून पेन काढलं. आता गंमत बघा, गंमत कसली म्हणा, पेनाचं टोक सरळ तिसऱ्या चौकटीवर आलं! टेकणार एवढ्यात त्याला तो खरखरीत पांढरा डाग दिसला. त्यानं मला उजेडात धरलं. खोडलेली खूण त्याला दिसली.

“तिला नकोय,” तो स्वतःशीच म्हणाला. “राहू दे. तिला नको तर नको.” आणि पहिल्या चौकटीत निळ्या शाईची ठसठशीत खूण केली. डोळे पुसले, नाक शिंकरलं, मला घडी घातली. संध्याकाळी रुग्णालयाच्या टेबलापाशी त्यानं सही केली आणि तिनंही नीट न वाचताच ठोकली. पहिल्या चौकटीवर तिची नजर गेली तेव्हा ओठ तेवढे घट्ट मिटले.

मी काय करणार हो? मला दोघांचंही मन ठाऊक, आणि तोंड नाही. रात्रभर ट्रेमध्ये तळमळलो. गुरुवारी सकाळी कारकूनबाईंनी माझ्यावर आणखी दोन फॉर्म टाकले. बाहेर राहिलेल्या कोपऱ्यातून भिंतीवरचं घड्याळ तेवढं मला दिसत होतं. नऊ, साडेनऊ. पंख्याच्या वाऱ्यानं मी कोपरा उचलून आपटत होतो, पण कागदाच्या फडफडीकडे लक्ष देतो कोण!

दहाला मोठ्या सिस्टर आल्या. प्रत्येक फॉर्मवरून अंगठा फिरवून बघायची त्यांची सवय. तिसऱ्या चौकटीवर अंगठा अडखळला. त्यांनी मला खिडकीशी नेलं.

“हा रद्द,” त्या म्हणाल्या. “खाडाखोड आहे.”

“पेन्सिलीची खूण काय धरायची, सिस्टर?” कारकूनबाई वैतागल्या. “शाईची खूण आहे, दोघांच्या सह्या आहेत. गाडी यायची वेळ झाली, कशाला उगाच घोळ घालताय?”

“नियम तुमच्याच ऑफिसानं छापलाय. पेन्सिल चालेल असं त्यात कुठं म्हटलंय?” सिस्टरनी फोन उचलला. “दोघंही या. हो, दोघंही. एकट्यानं आलेलं चालणार नाही.”

अकरा वाजले, साडेअकरा झाले. जिन्यात पावलं वाजली की माझा जीव वरखाली. शेवटी पावणेबाराला धापा टाकत दोघं आले. सिस्टरनी मला टेबलावर मधोमध ठेवलं आणि त्या डागावर बोट ठेवलं.

“ही खूण कुणी केली होती?”

“मी,” ती म्हणाली.

“मग खोडली का?”

तिच्याआधी त्यानंच विचारलं, “तुला नको होतं म्हणून खोडलीस ना?”

“मला नको होतं?” तिचा आवाज चढला. “तूच दादांना सांगत होतास, लवकर आवरायचंय म्हणून! मला वाटलं तुला बघवणार नाही.”

“अगं, ते तुझ्यासाठी म्हणत होतो मी! तुला त्रास नको म्हणून. मी तीच खूण करायला बसलो होतो. तू खोडलेली बघितली आणि...” त्यानं पहिल्या चौकटीतल्या आपल्या निळ्या खुणेवर बोट ठेवलं.

“पण आपणच ठरवलं होतं रे,” ती म्हणाली. “आपणच नाही म्हटलं तिला. आता कुठल्या तोंडानं मागायची?”

सिस्टरनी खुर्ची पुढे ओढली. “हे बघ बाळा, वीस वर्षं मी हे फॉर्म भरून घेतेय. निर्णय कुणी घेतला हा रकाना यात नाहीच. आईचं नाव आहे, बापाचं नाव आहे. तुम्ही तिचे आईबाप आहात, एवढं पुरतं मला.”

तेव्हा ती रडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून, आवाज करून रडली. तोही रडला. कारकूनबाईंनी मुकाट्यानं माझं एक कोरं भावंड पुढे सरकवलं.

माझ्या छातीवर लाल शिक्का बसला, ‘रद्द’. नव्या फॉर्मवर तिसऱ्या चौकटीत खूण झाली, या वेळी पेनानं. दफन करायचं असं ठरलं. पावलांच्या ठशांना हो म्हणून झालं. नावाच्या ओळीपाशी दोघांची नजरानजर झाली आणि दोघांनी एकदमच तोंड उघडलं. नाव आधीच ठरलेलं होतं, कधीचंच! ते मी तुम्हाला सांगणार नाही. ते त्यांचं आहे.

रद्द फॉर्म नव्याच्या पाठीला टाचायची इथली पद्धत आहे. म्हणून पुढचं मला बघायला मिळालं. बाराची गाडी खाली येऊन गेली. सिस्टर आम्हा कागदांना हातात धरून दोघांना शेजारच्या लहान खोलीत घेऊन गेल्या. पांढऱ्या मऊ कापडात गुंडाळलेलं ते एवढंसं बाळ आधी तिनं घेतलं. मग त्याच्याकडे दिलं. त्याला धरता येईना, कोपर कुठं ठेवावं तेच कळेना. “असं धर,” तिनं हाताला हात लावून दाखवलं. त्यानं धरलं, आणि वाकून लेकीला नावानं हाक मारली.

आता मी कपाटातल्या फाइलीत आहे, अंधारात, दोन टाचण्या पाठीत घेऊन. तुमच्यावर अशी वेळ कधी न येवो. पण आलीच, तर पाया पडतो तुमच्या, पेन उघडायच्या आधी एकमेकांना विचारा. प्रत्येक वेळी मोठ्या सिस्टरांचा अंगठा नसतो. आणि माझं वाईट वाटून घेऊ नका. त्या आईबापांनी आपली लेक दहा मिनिटं हातात धरली, त्यासाठी मी शंभरदा रद्द व्हायला तयार आहे.