हिंदुरावांचा गियरबॉक्स

मानसिंग मिस्त्रीच्या आवारात कडुलिंबाखाली पोतं अंथरून त्यावर दोन गियरबॉक्स मांडून ठेवले होते आणि त्यातला कुठला घ्यायचा ते मला ठरवायचं होतं. मी सावित्रम्मा. नवरा गेल्यापासून आमच्या एकुलत्या एका लॉरीचा धंदा मीच बघते, आणि लॉरी हिंदुराव चालवतात. नवी पेठेतल्या आमच्या भाऊबंदांना वाटलं होतं, बाई वर्षभरात गाडी विकेल आणि गप घरात बसेल. त्यांची पडलेली तोंडं बघायला तरी मला ती लॉरी चालू ठेवायची होती.

दुष्काळात खडी वाहून वाहून तिचं जुनं इंजिन पार खलास झालं होतं. तुळजापूरच्या पुढे एक साखर कारखाना उभा राहत होता, त्याची अवजड यंत्रं घाटावर न्यायचं काम आम्हाला मिळालं. म्हणून लष्कराच्या लिलावातलं दांडगं डिझेल इंजिन आणून मिस्त्रीनं लॉरीत बसवलं. गियरबॉक्स तेवढा जुनाच राहू दिला. पहिल्याच खेपेला घाटात त्याचे दात तुटले. इंजिनाचा जोर त्याला सोसलाच नाही. भरलेली लॉरी मागे घसरायला लागली आणि मागून यष्टी चढत होती, बायकापोरांनी भरलेली. हिंदुरावांनी ब्रेकवर पाय रोवला, एका हातानं हँडब्रेक खेचला, दुसऱ्यानं स्टेअरिंग वळवलं आणि लॉरी डोंगराच्या अंगाला नेऊन टेकवली. कुणाला ओरखडासुद्धा आला नाही. यष्टीतल्या बायका त्यांच्या पाया पडल्या म्हणे. हे मला यष्टीच्या कंडक्टरनं सांगितलं. हिंदुराव घरी येऊन एवढंच म्हणाले, ‘‘गियरबॉक्स गेला, वैनी.’’

तर आता हे दोन. मिस्त्री उकिडवा बसून मला समजावत होता.

‘‘अक्का, ह्यो हलका हाय. मऊ पडतोय, एकदा क्लच दाबला की बसला गियर. पन ह्या इंजनाफुडं ह्यो टिकायचा न्हाय. आनि ह्यो दुसरा लष्करातला. नुसतं लोखंड हाय. गाडी भंगारात जाईल, पर ह्यो न्हाय जानार. फकस्त दर गियरला क्लच दोनदा दाबाय लागतोय. आनि ह्याच्यासंगट येनारा क्लच बी लई जड हाय.’’

मी हिंदुरावांकडे बघितलं. ते झाडाला टेकून उभे होते, सगळा भार उजव्या पायावर देऊन. त्यांचा डावा गुडघा कामातून गेला होता. केबिनमध्ये चढताना ते डावा पाय हातानं उचलून आत घ्यायचे, तेही आधी इकडेतिकडे बघून. कुणाला कळत नाही असं त्यांना वाटायचं. मला कळत होतं, मिस्त्रीलाही कळत होतं. आमच्या ह्यांना गाडी त्यांनीच शिकवलेली. बायको, सोनाबाई, कधीच गेलेली. गावाकडे नातेपुत्याला पुतणे आहेत, पण तिकडे त्यांचं मन रमत नाही. ते झोपतात लॉरीत, जेवतात आमच्या ओसरीवर. क्लच डाव्या पायानं दाबायचा; जड गियरबॉक्स घेतला की त्यांचं स्टेअरिंग सुटणार, हे काय मला कुणी सांगायला हवं होतं?

‘‘हलकाच घ्यायचा,’’ मी म्हणाले.

मिस्त्री ताडकन उठला. ‘‘अवं अक्का, आत्ता काय सांगितलं मी?’’

‘‘हलक्याला डिझेल कमी लागेल. माल अर्धाच भरू.’’

‘‘यंत्राचं अर्धं कसं भरनार? करवतीनं कापनार हाय का?’’

‘‘गाडी माझी आहे, मिस्त्री. कापीन नाहीतर पुरीन!’’

तेवढ्यात हिंदुराव झाडापासून हलले, लष्करी गियरबॉक्सपाशी आले आणि त्याच्यावर तळहात ठेवून म्हणाले, ‘‘वैनी, ह्योच घ्या.’’

‘‘तुम्हाला जमेल?’’ मी शेवटी विचारलंच.

‘‘जमंल की. का न्हाई जमनार?’’

बोलताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मला ते तेव्हाच खटकायला हवं होतं. पण जे ऐकायचं होतं तेच कानावर पडल्यावर मी कशाला खोलात शिरतेय? मला इतकं हलकं वाटलं की सगळ्यांना मीच चहा मागवला.

गियरबॉक्स बसला. मी लॉरीच्या तोंडावर विभूतीचे तीन पट्टे ओढले, नारळ फोडला. आमच्याकडे गाडीचं मोठं काम झालं की पुढच्या चाकांखाली लिंबं ठेवतात. ठेवायची घरच्या माणसानं आणि चिरडायची ड्रायव्हरनं. ज्यानं चिरडली, गाडी त्याच्या हातात. आधी लिंबं हे ठेवायचे, ते गेल्यावर मी ठेवत आले.

हिंदुराव त्या सकाळी दाढी करून आले होते. बरोबर वैरागचा कुणी रामहरी होता, तिशीतला, आडव्या हाडाचा. क्लीनर आणला असेल असं मला वाटलं. मी लिंबं काढली तर हिंदुरावांनी हात पुढे केला.

‘‘वैनी, आज लिंबं मी ठिवतो.’’

‘‘तुम्ही? मग चिरडणार कोण?’’

‘‘रामहरी. मानूस चांगला हाय. दुसऱ्याच्या गाडीवर घाटात नेऊन बघितलाय मी त्याला.’’

माझं डोकंच फिरलं. ‘‘जमेल म्हणाला होतात! माझ्या तोंडावर खोटं बोललात?’’

‘‘खरं बोललो असतो तर तुमी हलकाच घेतला असता.’’

‘‘घेतलाच असता!’’

‘‘म्हनून तर,’’ ते म्हणाले. ‘‘त्या दिवशी ब्रेक उजव्या पायानं धरला, वैनी. डाव्यावर, क्लचवर पाळी आली असती तर? मागं लेकरं व्हती.’’

भांडायला तोंड उघडलं आणि रडूच आलं. सगळ्यांदेखत रडले, पदरही लावला नाही डोळ्यांना. मग दोन्ही लिंबं त्यांच्या ओंजळीत घातली.

त्यांना गुडघा वाकवता येत नव्हता. डावा पाय लांब करून ते मातीत बसले, एका चाकाखाली लिंबू ठेवलं आणि तसेच सरकत दुसऱ्या चाकाकडे गेले. मिस्त्री हात द्यायला पुढे झाला, मी त्याला मागे ओढलं. घरचं माणूस लिंबं ठेवत असताना मध्ये कुणी जात नाही.

रामहरीनं गाडी चालू केली. लिंबं चिरडली. लॉरी आवाराबाहेर पडली आणि तुळजापूरच्या रस्त्याला लागली. हिंदुराव माझ्या शेजारी उभे होते, धोतराला माती तशीच. इंजिनाचा आवाज चढला, तुटला, पुन्हा चढला. तो तुटला की त्यांचा डावा पाय मातीत दाबला जायचा. दोनदा.

‘‘दुखतोय?’’ मी विचारलं.

‘‘न्हाय,’’ ते म्हणाले. लांबून पुढच्या गियरचा आवाज आला आणि त्यांनी पाय पुन्हा दोनदा दाबला.