अक्षरनाथांची फ्लॉपी

"रांगेत कुणी विचारलं ना, तर पोराचं काहीएक सांगू नको," तळमजल्यावरच्या मॅग्डलीन आंटी मला म्हणाल्या होत्या. मी नुसतं 'बरं' म्हटलं आणि पुढे निघाले. आजार काय लपवायची गोष्ट आहे?

दिवाळीआधीच्या त्या रविवारी बोळिंजमधल्या आमच्या कॉम्प्लेक्सच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. चपलांचा ढीग पार मीटरच्या खोलीपर्यंत गेलेला. समोर गादीवर अक्षरनाथ महाराज आणि त्यांच्या उजव्या हाताला झेंडूची माळ घातलेला कॉम्प्युटर. मॉनिटरला कुंकू लावलेलं. प्रिंटरपुढे उदबत्ती, तिचा धूर सरळ कोऱ्या कागदांत शिरत होता.

"देव युगाप्रमाणे येतो!" महाराज माइकवरून सांगत होते. "त्रेतायुगात बाण घेऊन आला, द्वापारात चक्र घेऊन आला. आता ते चक्र कुठे आहे? या फ्लॉपीत! आत चकतीच फिरते ना, सांगा?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

फ्लॉपी भक्ताने कपाळाला लावायची. मग मशीनवर बसलेला माणूस ती आत सरकवायचा आणि प्रिंटरमधून पान निघायचं. रेखीव देवनागरी, भोवती वेलबुट्टी, वर भक्ताचं नाव, खाली आजार, त्याचं मूळ आणि उपाय. उपाय सगळ्यांना एकच येत होता. चालू औषध महाराजांच्या पायाशी ठेवलेल्या परातीत सोडायचं. परात बाटल्यांनी भरत आली होती.

आयुष माझ्या मांडीवर होता. चार वर्षांचा. त्याला फिट येते. औषध सुरू झाल्यापासून एकदाही आली नव्हती, आणि म्हणूनच सासूबाईंना वाटत होतं की आता औषध कशाला. पानात तसं आलं तर बाटली परातीत, हे घरात ठरलं होतं. परेशने, माझ्या नवऱ्याने, ती खिशात घालून आणली होती. मला कुणी विचारलं नव्हतं. पोराच्या छातीवर हात ठेवून इतक्या रात्री काढल्या होत्या की भांडावं म्हटलं तरी आतून काही हलत नव्हतं.

आमचं पान निघालं. 'बालक आयुष. प्रथम उजव्या हाताची बोटे थरथरतात. मूळ: पूर्वजांचा अपुरा जप. उपाय: औषधत्याग.'

सासूबाईंनी पान छातीशी धरलं. "उजवा हात! अगं, उजवा हात लिहिलाय. हे यांना कोण सांगणार?"

कोण ते मला आठवलं. रांगेत पाण्याचा ग्लास देणारी सेवेकरी ताई. 'किती गोड आहे हो! काय होतं याला? आधी कुठल्या हाताला होतं?' मी सगळं सांगितलं होतं.

"अहो, मीच सांगितलंय ते, रांगेत," मी परेशला म्हटलं.

"मीरा, देवाच्या दारात तरी शंका काढू नकोस," असं म्हणून तो बाटली घेऊन परातीकडे निघाला.

तेवढ्यात मागून आवाज आला. "महाराज, मलाही बघायचंय."

ती प्रिसिला, मॅग्डलीन आंटींची मुलगी. कॉलेजात गणित शिकवते.

"श्रद्धा आहे का, बाई?"

"नाही."

"उत्तम! या, या. लोकांना बघू दे."

महाराज खूश दिसले. फ्लॉपी प्रिसिलाच्या कपाळाला लागली, आत गेली. प्रिंटर गप्प. पडद्यावर मात्र कंस, आडव्या-तिरप्या रेघा, टक्क्याच्या खुणा आणि तुटक इंग्रजी अक्षरं भराभर उमटली.

"बघा!" महाराज गरजले. "श्रद्धा नसली की अक्षर निघून जातं, भुसा तेवढा उरतो!"

प्रिसिला वाकून तो भुसा वाचायला लागली. वाचतच राहिली.

"हे अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर आहे," ती म्हणाली. "कॉलेजच्या प्रश्नपत्रिका मी यातच करते. जरा बसू का? मशीन तुमचं, फ्लॉपी तुमची. मी फक्त एक ओळ टाइप करते."

"यंत्र बाटेल!" सेवेकरी ताई मध्ये पडली.

"काय गो, तुमचा चक्र मास्तरणीला घाबरतो?" मॅग्डलीन आंटी ओरडल्या.

हॉल हसला. हसणाऱ्या हॉलपुढे नाही म्हणणं महाराजांना जमलं नाही.

प्रिसिलाने एक ओळ टाइप केली. प्रिंटर घुरघुरला आणि एकामागून एक पानं पडायला लागली. तीच रेखीव अक्षरं, तीच वेलबुट्टी. "पोथी आली, पोथी!" कुणीतरी म्हणालं. सासूबाईंनी हात जोडले. परेश परातीपाशी, सगळ्यांत जवळ उभा होता. त्याने भक्तिभावाने पान उचललं आणि मोठ्याने वाचायला लागला.

"'भाग पहिला. पान कसे तयार होते. रांगेत पाणी देताना नाव, आजार व लक्षणे विचारावीत. पडद्यामागून चिठ्ठी आली की माहिती खालील जागांत भरावी. भाग दुसरा. मूळ. सात मुळे दिली आहेत, यंत्र ती आळीपाळीने घेते. उपाय एकच आहे. भाग तिसरा. शंकेखोर आल्यास...'"

त्याचा आवाज बारीक झाला.

"वाच की रे!" मागून कुणीतरी ओरडलं.

"'...शंकेखोर आल्यास पान न छापता ही फाइलच पडद्यावर उघडावी.'"

सासूबाईंचे हात जोडलेलेच होते. ते आता कुठे न्यावेत हे त्यांना कळेना.

"या सॉफ्टवेअरची पॅकेजेस, म्हणजे तयार साचे, असेच लिहितात," प्रिसिला म्हणाली. वर्गात सांगतात तसं, शांतपणे. "यंत्रासाठीच्या आज्ञा आणि माणसासाठीचा खुलासा, दोन्ही एकाच फाइलीत. खुलाशाच्या ओळीआधी टक्क्याची खूण. एका तऱ्हेने चालवलं की यंत्र त्या ओळी गाळतं आणि कामापुरतं उचलतं. तुमची पानं त्यातून निघाली. दुसऱ्या तऱ्हेने चालवलं की तोच खुलासा पुस्तकासारखा छापतं. पडद्यावर दिसली ती मराठीच होती, इंग्रजी अक्षरांत लिहिलेली. हे ज्याने केलं त्याने पुढच्या माणसाला समजावं म्हणून नीट समजावून लिहिलं. महाराज, तुम्हाला वाटलं, टक्क्यामागचं कधी छापलंच जात नाही."

"मला फक्त बटण कुठलं दाबायचं ते शिकवलंय," मशीनवरचा माणूस पुटपुटला.

"ही मायेची परीक्षा..." महाराजांनी सुरू केलं, पण कुणीतरी माइकची वायर काढली होती. ते मागच्या दाराने गेले. माळ कॉम्प्युटरच्या गळ्यात राहिली.

परेशने बाटली माझ्या हातात दिली. मी तिथेच आयुषला दुपारचं औषध पाजलं, झाकण घट्ट लावलं. आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

लोक परातीतून आपापली औषधं उचलत होते. अखेर एकच वस्तू उरली. दम्याचा निळा पंप, काळा दोरा बांधलेला.

"हा कुणाचा?" मी सेवेकरी ताईला विचारलं.

ती खाली बघत म्हणाली, "सकाळी एक बाई आली होती, वटार गावची. कडेवर मुलगा. पान मिळालं, लगेच गेली."

म्हणजे नंतरचं त्या बाईला काहीच माहीत नाही. मी वटारला जाऊन वाड्यांमधून विचारत फिरले. नावाशिवाय कोण काय सांगणार?

यंत्राला आपलं असं काही कळत नाही. कुणीतरी त्यात लिहितं, कुणीतरी त्याला माहिती पुरवतं. कितीही सुबक छापलेलं असो, विचारा: हे कुणी लिहिलं, आणि त्याला कुठून कळलं? डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध बंद करू नका.

आणि तुम्ही वटारकडचे असाल, दम लागणाऱ्या लहान मुलाचं घर तुम्हाला ठाऊक असेल, तर वाचणं इथेच थांबवा. जा, दार वाजवा, तिला सांगा पान खोटं आहे. आणि पोराचा श्वास कसा चाललाय, तेवढं बघा.