डब्यावर कोणी संशय घेतला नाही

मित्रांनो, मी एक जुना टोकनचा डबा आहे, आणि मी सांगतो ते सगळं लगेच खरं मानू नका. मीही आयुष्यात कोणाचं काही लगेच खरं मानलेलं नाही. एका डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात दाराशी उभं राहून पाच वर्षं येणाऱ्याजाणाऱ्यांना नंबराच्या चिठ्ठ्या दिल्या, की कोणाचाही स्वभाव असाच होतो.

कंपनीच्या कागदांवर माझं नाव चांगलं लांबलचक आहे. पण दवाखान्यात मला सगळे डबाच म्हणत. माझा जन्म एका कारखान्यातल्या लांब टेबलावर झाला. एका बाईने माझ्या पोटात कागदाचं रीळ बसवलं, एका माणसाने धारदार पातं बसवलं आणि शेवटच्याने झाकण लावून माझ्या पाठीवर ‘तपासले’ असा शिक्का मारला. त्याने मला तपासलं नव्हतं. तो मोबाइलवर कोणाशी तरी गप्पा मारत होता. माणसांवरचा माझा विश्वास तिथेच उडाला.

माझं काम सोपं होतं. बटण दाबलं की चिठ्ठीवर नंबर छापायचा, चिठ्ठी तोंडातून बाहेर सरकवायची आणि पात्याने टक्कन कापायची. कापलेली चिठ्ठी घेऊन माणूस खुर्चीत बसे आणि आतून नंबर पुकारला की उठे. मी येण्याआधी तिथे रोज ‘मी आधी, मी आधी’ चालायचं म्हणे. पहिली काही वर्षं माझं फार कौतुक झालं. डॉक्टरबाई पाहुण्यांना सांगत, “हा डबा आला आणि भांडणं गेली.” मी फुगून जात असे, हे कबूल करतो.

पण लोकांवर मी डोळ्यांत तेल घालून नजर ठेवून असे. एक गृहस्थ चिठ्ठी घेऊन बाजारहाट उरकून येत आणि नंबर हुकला की “मला हाकच ऐकू आली नाही” म्हणत. एक काकू कोणी आजारी नसतानाही सकाळी चिठ्ठी घेऊन ठेवत. का, तर घर भरलेलं आहे, दुपारपर्यंत कोणी ना कोणी शिंकेलच. मित्रांनो, रांगेत उभा असलेला माणूस कसा वागतो ते मला विचारा.

माझ्या शेजारच्या टेबलावर एक ताई बसायची. वय तिशीच्या आसपास. नोंदवहीत नाव लिहायचं, जुने कागद शोधून आत द्यायचे, घाबरलेल्याला पाणी द्यायचं, ही तिची कामं. शाळा संपली तेव्हाच तिचे वडील अंथरुणाला खिळले होते, म्हणून पुढचं शिक्षण राहून गेलं. जेवणाच्या सुट्टीत ती एका हाताने जेवायची आणि दुसऱ्या हाताने मोबाइलवर फुकटचे धडे बघायची. संगणकातले प्रोग्राम कसे चालतात, ते चुकतात कुठे, ती चूक शोधायची कशी, असलं काहीतरी त्यात असे. रोज दुपारी तिच्या आईचा फोन यायचा.

“अगं, डिग्री नाही, अनुभव नाही. त्या संगणकवाल्यांच्या दारात तुला उभं तरी कोण करेल?” आई म्हणायची.

“उभं नाही केलं तर बसेन,” ताई म्हणायची आणि धडा पुढे सरकवायची.

मध्यंतरी तिला एका क्लासवाल्याचा फोन आला. तीन महिन्यांत नोकरी पक्की, डिग्रीची गरज नाही, जागा दोनच उरल्यात, असं तो गोड आवाजात सांगत होता. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. ताईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “तुमच्याकडून नोकरीला लागलेल्या एका माणसाशी मला बोलायला मिळेल का? एकच चालेल.” पलीकडून फोन ठेवला गेला. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की ही बाई आपल्या जातकुळीतली दिसते.

आता माझ्या आयुष्यातला काळा भाग सांगतो. पाचव्या वर्षी कंपनीचा दुरुस्तीवाला आला आणि त्याने माझ्यात नवा प्रोग्राम भरला. पूर्वी नंबर छापला की मी पुढच्या नंबराकडे वळत असे. आता पातं फिरून चिठ्ठी कापली गेली, तरच तो नंबर दिला असं मानायचं, असा नवा नियम आला. नियम ऐकायला बरा होता. पण त्यानंतर आठवड्यातून दोनतीनदा एकच नंबर दोघांच्या हातात जायला लागला.

पहिल्यांदा सतरा नंबरचे दोघे एकदम उठले, तेव्हा लोक हसले. चौथ्यांदा कोणी हसलं नाही. ताईच्या टेबलाखाली एक छोटं बटण होतं. चिठ्ठी फाटली तर तोच नंबर पुन्हा काढायला ते दिलेलं होतं. झालं, सगळ्यांच्या नजरा तिकडे वळल्या. ही ओळखीच्यांना आधी सोडते, अशी कुजबुज सुरू झाली. सगळ्यांत पुढे होते एक निवृत्त मास्तर. गुडघ्यांसाठी ते दर सोमवारी येत.

“ताई, मी आलो तेव्हा हा माणूस दारातही नव्हता. मग माझाच नंबर याच्या हातात कसा?” त्यांनी भरल्या खोलीत विचारलं.

“काका, मला खरंच माहीत नाही.”

“तुम्हाला माहीत नाही, मग काय डब्याला माहीत?”

लोकांनी माना डोलावल्या. मित्रांनो, डब्याला माहीत होतं. आपल्या पोटात काहीतरी बिघडलंय हे मला पहिल्या दिवसापासून कळत होतं. पण मी मूग गिळून बसलो. मला तोंड होतं ते फक्त चिठ्ठीपुरतं, ही सबब मी स्वतःला देत राहिलो. खरं सांगायचं तर, माझ्यावर कोणी संशय घेत नव्हतं याचं मला बरं वाटत होतं.

डॉक्टरबाईंनी तिला आत बोलावलं. दार अर्धं उघडं होतं. “मी आरोप करत नाही. पण लोक माझ्या तोंडावर बोलायला लागलेत. महिनाअखेरपर्यंत हे थांबलं नाही, तर मला दुसरं माणूस बघावं लागेल.”

त्याच संध्याकाळी आईचा फोन आला. “नाव खराब व्हायच्या आत तूच सोड,” ती म्हणाली. ताई म्हणाली, “आत्ता सोडलं तर मीच केलं असं होईल, आई. मग हे नाव घेऊन मी कुठे जाऊ?”

कंपनीला तक्रार गेली आणि दुरुस्तीवाला पुन्हा आला. त्याने माझं बटण पाच वेळा शांतपणे दाबलं, पाच सरळ चिठ्ठ्या घेतल्या आणि कागदावर लिहिलं: यंत्र उत्तम, वापरणाऱ्याची चूक. खाली सहीसाठी कागद ताईपुढे सरकवला. तिने सहीच्या जागी ‘मान्य नाही’ असं लिहिलं. तो नाक मुरडून निघून गेला.

दुसऱ्या दिवसापासून ताई एका जाड वहीत लिहायला लागली. किती वाजले, खोलीत किती माणसं, बटण कोणी दाबलं, नंबर कोणता आला, सगळं. जुळ्या नंबरांच्या चिठ्ठ्या ती मागून घ्यायची आणि वहीत शेजारी शेजारी चिकटवायची. अधूनमधून मान वर करून माझ्याकडे रोखून बघायची. इतकी वर्षं मी लोकांवर पाळत ठेवली, आता कोणीतरी माझ्यावर ठेवत होतं.

जोड्या बहुतेक सकाळच्या गर्दीतल्या होत्या. म्हणून तिने अंदाज बांधला, की बटण भराभर दाबलं की डबा गोंधळतो. तो अंदाज चुकीचा होता, आणि ते मला ठाऊक होतं.

तिने पुन्हा तक्रार लिहायला मोबाइलवर कंपनीचं पान उघडलं, तर तिथेच जाहिरात होती. यंत्रं आणि प्रोग्राम तपासणारी माणसं हवीत, डिग्री असल्यास उत्तम. ताई ती ओळ बराच वेळ बघत बसली. मग तिने वहीच्या सगळ्या पानांचे फोटो काढले आणि तक्रारीऐवजी अर्ज म्हणून पाठवून दिले.

महिना संपायला चार दिवस उरले असताना, दुपारी दवाखाना रिकामा होता तेव्हा, कंपनीच्या मोठ्या मॅडम आल्या. सोबत तोच दुरुस्तीवाला. डॉक्टरबाईही बाहेर येऊन उभ्या राहिल्या.

“ही वही तुम्हाला कोणी लिहून दिली?” मॅडमनी बसायच्या आधीच विचारलं.

“कोणी नाही.”

“शिक्षण?”

“शाळा.”

“असं काम आधी केलंय?”

“नाही.”

“मग इतकी पद्धतशीर नोंद करायला कुठे शिकलात?”

“इथेच. आणि जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर.”

मॅडमच्या चेहऱ्यावरून कळत होतं की त्यांचा यातल्या एकाही उत्तरावर विश्वास बसलेला नाही. “ठीक आहे. ती चूक माझ्यासमोर घडवून दाखवा,” त्या म्हणाल्या.

ताईने माझे नंबर एकपासून सुरू केले आणि बटण भराभर दाबायला सुरुवात केली. दाबलं, पातं फिरलं, चिठ्ठी घेतली, पुन्हा दाबलं. दहा झाल्या, वीस झाल्या, चाळीस झाल्या. सगळे नंबर वेगळे. मी त्या दिवशी इतका चोख वागत होतो, की मला माझीच शिसारी आली. ताईच्या कपाळावर घाम आला होता. दुरुस्तीवाला भिंतीला टेकून हसला. “मी आधीच सांगितलं होतं,” तो म्हणाला. डॉक्टरबाईंनी जमिनीकडे बघितलं. मॅडमनी पर्स खांद्याला लावली.

“एक मिनिट थांबा, मॅडम.” ताईने वही उघडली. ती जोड्यांची पानं उलटत गेली, परत मागे आली, मग एक पान खिडकीच्या उजेडात धरून उभी राहिली. प्रत्येक जोडीत एका चिठ्ठीची कड सरळ होती आणि दुसरीची वेडीवाकडी. इतके दिवस ते तिच्या डोळ्यांसमोर होतं.

“आपण सगळे फार सभ्यपणे चिठ्ठी घेतोय,” ती सावकाश म्हणाली. “इथे अशी कोणी घेत नाही.”

तिने बटण दाबलं. नंबर एक्केचाळीस. चिठ्ठी निम्मी बाहेर आली आणि पातं फिरायच्या आत तिने ती खसकन ओढली. कागद फाटून तिच्या हातात आला. पात्याला कापायला काही उरलं नाही, ते फिरलंच नाही, आणि नव्या नियमाप्रमाणे मी समजलो की एक्केचाळीस नंबर अजून द्यायचाच आहे. तिने पुन्हा बटण दाबलं. मी मुकाट्याने दुसरा एक्केचाळीस काढून दिला.

तिने तसं सहा वेळा केलं, आणि सहाही वेळा मी तोंडघशी पडलो.

“असं ओढायचंच नसतं. थांबा म्हणून डब्यावर सूचना लिहिलेली आहे,” दुरुस्तीवाला म्हणाला.

“तापाने फणफणलेलं मूल कडेवर घ्या आणि मग ती सूचना वाचून बघा,” ताई म्हणाली. “किंवा मास्तरांचे गुडघे घ्या. ते दर सोमवारी अशीच ओढतात, म्हणजे त्यांचा नंबर दुसऱ्याला जायचा तो त्यांच्याच हाताने.”

मॅडमनी स्वतः एक चिठ्ठी ओढून पाहिली, मग आणखी एक. अशी यंत्रं कंपनीने किती दवाखान्यांत बसवली असतील, याचा त्या बहुधा विचार करत असाव्यात. शेवटी त्या म्हणाल्या, “सहा महिने शिकाऊ म्हणून या. नाही जमलं तर मी स्पष्ट सांगेन.”

“हे लिहून द्याल का?” ताईने विचारलं.

मॅडमनी तिच्याकडे नीट बघितलं आणि पेन काढलं.

त्या गेल्यावर डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या, “मी तुझ्यावर विश्वास ठेवायला हवा होता.” ताई म्हणाली, “हो, हवा होता.” आणि ती संध्याकाळच्या रुग्णांचे कागद काढायला लागली.

मित्रांनो, दवाखान्याला नवा डबा मिळाला आणि मला कंपनीत नेलं. भंगारात जाणार म्हणून मी मनाची तयारी केली होती. पण ताईने मला मागून घेतलं. गेली दोन वर्षं मी तिच्या खोलीत एका टेबलावर आहे. मला दुरुस्त केलेलं नाही, मुद्दामच. सुरुवातीला तिथलेही लोक “डिग्री कुठली?” म्हणून तिला घोळवून विचारत. अजूनही एकदोघे तिचं काम दोनदा तपासतात. तपासू देत, ती म्हणते.

नवीन माणूस कामाला आला, की ताई त्याला पहिल्या दिवशी माझ्यासमोर बसवते आणि एक गोष्ट सांगते. एका दवाखान्यात दोघांना एकच नंबर मिळतो. यंत्र कंपनीने तपासलेलं आहे. टेबलावर एक बाई बसते, फक्त शाळा शिकलेली. चूक कुठे शोधाल?

परवा मोठी डिग्री घेतलेला एक तरुण आला होता. त्याने क्षणभरही विचार केला नाही. “त्या बाईपासून सुरुवात करेन,” तो म्हणाला.

“ती बाई मी,” ताई म्हणाली. “आता ती चिठ्ठी ओढा.”

त्याचा चेहरा पडला. त्याने चिठ्ठी ओढली, दुसरी काढली, दोन्ही शेजारी ठेवून बघत राहिला. मलाही मान खाली घालावीशी वाटली, कारण त्या एका उत्तरापायी एका माणसाचं नाव जवळजवळ धुळीला मिळालं होतं आणि मी शेजारी उभा राहून बघत होतो.

म्हणून तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. आम्हा यंत्रांना पुसा, तेल द्या, जपा, ते तर कराच. पण आमच्यावर संशयही घ्या. काही चुकलं तर खोलीतल्या सगळ्यांत कमी शिकलेल्या माणसाकडे बोट दाखवण्याआधी आमचं झाकण उघडून बघा. आम्ही आपण होऊन कधीच कबूल करत नाही.